मदत हवी आहे : साग्रेशच्या किल्ल्यातलं दगडी वर्तुळ खरंच सूर्यघड्याळ आहे का?

मंडळी, पोर्तुगालच्या नैऋत्य टोकाला साग्रेशचा किल्ला आहे. तीन बाजूंना उभे कडे, खाली अटलांटिक आणि फक्त जमिनीकडे तट. आत जमिनीवर दगडगोट्यांनी आखलेलं सुमारे ४३ मीटर व्यासाचं वर्तुळ आहे आणि मध्यापासून कडेपर्यंत रेघा गेल्या आहेत. माती-झुडपांखाली बुजलेलं हे वर्तुळ विसाव्या शतकात उघडं पडलं. स्थानिक नाव 'रोझा दुश व्हेंतुश', म्हणजे वाऱ्यांचं दिशाचक्र. सागरी मोहिमांना पाठबळ देणारा पोर्तुगीज राजपुत्र हेन्री (मृत्यू १४६०, साग्रेशलाच) याच्याशी ते जोडतात, पण तसा पुरावा नाही.

खलाशांच्या दिशाचक्रात ३२ भाग असतात. इथे रेघा त्याहून जास्त आहेत, म्हणून काही जण याला सूर्यघड्याळ मानतात. नाताळच्या सुट्टीत पाहून आल्यापासून हा प्रश्न डोक्यातून जात नाही.

माझा विचार असा. साग्रेशचा अक्षांश ३७. तिथे सपाट सूर्यघड्याळाची काठी उभी चालत नाही. जयपूरच्या सम्राट यंत्राची (तिथल्या प्रचंड सूर्यघड्याळाची) भिंत जशी तिथल्या अक्षांशाएवढी, २७ अंश तिरपी आहे, तशी ही जमिनीशी ३७ अंशांचा कोन करून कललेली हवी. उभ्या काठीची सावली त्याच वेळेला ऋतूप्रमाणे वेगळ्या दिशेला पडते. आणि काठी तिरपी असेल तर रेघा समान अंतरावर येत नाहीत: बारा ते एक हा कोन साधारण ९ अंशांचा, पाच ते सहा मात्र २४ अंशांचा. दिशाचक्रात सगळे कोन सारखे.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. ३७ अक्षांशावर २१ जूनलाही सूर्य पूर्वेच्या ३० अंश उत्तरेला उगवतो आणि तितकाच उत्तरेला मावळतो. म्हणजे दक्षिणेकडच्या १२० अंशांत, वर्तुळाच्या एक तृतीयांश भागात, सावली वर्षभरात कधीच पडत नाही. तिथेही रेघा तितक्याच दाट असतील तर त्या वेळ सांगायला कशासाठी आखल्या?

मी तिथे छोटी काठी उभी करून पाहिली. सावली बरोबर उत्तरेला आली तेव्हा घड्याळात १२:३६ झाले होते (जागा ग्रीनिचच्या ९ अंश पश्चिमेला आहे ना). पण त्या दिशेने वर्तुळातली रेघ जाते का, हे कडेवरून ठरेना. उपग्रहाच्या चित्रात रेघा पुसट दिसतात.

तर विचारायचं हे: तिरप्या फोटोंवरून जमिनीवरचे कोन काढायची भरवशाची पद्धत कोणती? भूमापन करणाऱ्यांनी कृपया सांगावं. पोर्तुगीज वाचणाऱ्या कुणाला या रेघांच्या मोजणीचा आराखडा कुठे छापलेला दिसला आहे का? आणि गोव्यातल्या किंवा वसई, कोरलईच्या पोर्तुगीज कोटांत फरशीवर असं काही कोरलेलं पाहिलं असेल तर फोटोसकट नक्की कळवा, फोटो काढताना उत्तर दिशा तेवढी नोंदवा.