जहाल मेटलचा अल्बम अर्ध्या तासात संपावा का?

कर्कश:
थ्रॅश, डेथ मेटल, ग्राइंडकोअर किंवा हार्डकोअर या मेटल आणि पंकमधल्या जहाल शैलींचा जो अल्बम वेगावर उभा आहे, त्याने अर्ध्या तासाच्या आसपास थांबावे, असे माझे ठाम मत आहे. स्लेयर या थ्रॅश बँडचा १९८६ सालचा ‘रेन इन ब्लड’ हा माझा मापदंड: १० गाणी, सुमारे २९ मिनिटे. निर्माता रिक रुबिनने त्यात घुमारा जवळजवळ ठेवलाच नाही, त्यामुळे प्रत्येक आघात कोरडा आणि अगदी कानाशी येतो. त्यातल्या ‘एंजल ऑफ डेथ’ या गाण्याच्या शेवटाकडे बाकीची वाद्ये थांबतात आणि ड्रमर डेव्ह लोम्बार्डोचे डबल बेस ड्रम (पायांनी वाजवायचे मोठे ड्रम) क्षणभर एकटेच धडधडतात, तेव्हा छातीत कालवाकालव होते. मात्र असा मारा सतत पाऊण तास चालला, तर कान बधिर होतो आणि अकराव्या गाण्यातली उत्तम रिफही (गिटारची पुन्हा पुन्हा येणारी धून) वाया जाते. सीडीवर ७४ मिनिटांची जागा मिळाली म्हणून अनेक बँडनी ती भरून काढली, आणि त्यात त्यांच्या संगीताचेच नुकसान झाले.

मंद्रसप्तक:
पूर्णपणे असहमत. कान थकतो तो लांबीमुळे नव्हे, एकसुरीपणामुळे. ब्लॅक फ्लॅग या हार्डकोअर बँडने १९८४ साली ‘माय वॉर’च्या दुसऱ्या बाजूवर तीनच गाणी ठेवली, प्रत्येक सहा मिनिटांहून मोठे आणि चिखलातून पाय ओढल्यासारखे संथ. वेगाची अपेक्षा ठेवून आलेले अनेक हार्डकोअर श्रोते तेव्हा नाराज झाले, पण पुढच्या स्लज मेटल या संथ, जड शैलीची पायवाट तिथूनच निघाली.

कन्व्हर्ज या बँडचा ‘जेन डो’ (२००१) तर पाऊण तासाचा आहे. त्यात ‘फिनिक्स इन फ्लाइट’ हे संथ, पसरत जाणारे गाणे संपते आणि लगेच ‘फिनिक्स इन फ्लेम्स’ सुरू होते: मिनिटभरही न टिकणारे, केवळ ड्रम आणि किंकाळ्या. आधीचा संथपणा नसता, तर त्या स्फोटाला अर्थच उरला नसता. अखेरचे शीर्षकगीत ११ मिनिटांहून लांब आहे, आणि तिथवरच्या साऱ्या संतापाचे दुःखात रूपांतर व्हायला मला तरी तेवढा वेळ लागतोच.

हिमरात्र:
तुम्ही दोघेही एकसुरीपणा हा दोषच धरून चालला आहात. डार्कथ्रोन या ब्लॅक मेटल बँडचा ‘ट्रान्सिल्वेनियन हंगर’ (१९९४) ऐकताना ड्रमचा तोच ठेका मिनिटामागून मिनिटे ढळत नाही, गिटारचा आवाज पातळ आणि खरखरीत आहे, आणि बँडमधल्या फेनरिझने सगळी वाद्ये एकट्यानेच वाजवली आहेत. काही वेळाने वेग जाणवेनासा होतो आणि फक्त थंडगार सूर उरतो. हा परिणाम २० मिनिटांत साधत नाही, म्हणून ब्लॅक मेटलला ही अट लावणे मला अन्यायाचे वाटते.

मंद्रसप्तक:
हिमरात्र यांचा मुद्दा रास्त आहे. आणखी एक गोष्ट: नेपाम डेथ या ग्राइंडकोअर बँडच्या ‘स्कम’वर (१९८७) २८ गाणी आहेत, त्यांतले ‘यू सफर’ तर सेकंदभराचे. त्याच्या पहिल्या बाजूवर गिटार वाजवणाऱ्या जस्टिन ब्रॉड्रिकने दोनच वर्षांनी गॉडफ्लेश या आपल्या बँडच्या ‘स्ट्रीटक्लीनर’मध्ये ड्रम मशीनच्या जड, संथ ठोक्यांतून वेगाइतकीच दहशत निर्माण केली.

कर्कश:
ही उदाहरणे मला प्रिय आहेत, पण ‘माय वॉर’ची दुसरी बाजू आणि ‘स्ट्रीटक्लीनर’ वेगावर उभेच नाहीत, आणि ‘जेन डो’ वेगाला स्वतःहून लगाम घालतो. ‘ट्रान्सिल्वेनियन हंगर’ मात्र माझ्या नियमाला खरा अपवाद आहे, हे मान्य. माझा आक्षेप आहे तो पहिल्या मिनिटापासून पन्नासाव्यापर्यंत ब्लास्टबीटच, म्हणजे ड्रमचा अतिवेगवान मारा, चालवणाऱ्या अल्बमांना. लांबी वाढवल्याने काय बिघडते, ते ‘रेन इन ब्लड’च्याच १९९८ सालच्या पुनर्प्रकाशनात ऐकावे. मूळ अल्बम ‘रेनिंग ब्लड’नंतर पावसाच्या आवाजात विरून संपतो, या आवृत्तीत तो पाऊस थांबताच ‘अ‍ॅग्रेसिव्ह परफेक्टर’ सुरू होते. गाणे चांगले आहे, पण त्या जागी ते मला अजिबात ऐकवत नाही.