१९७१ ची हवेवर थंड होणारी फोक्सवॅगन बस घाटात दम टाकते: काय करावे?

डेन्व्हरकर

नमस्कार. मी कोलोरॅडोत राहतो आणि गेल्या वर्षी १९७१ ची फोक्सवॅगन बस घेतली. इंजिन मूळचेच, १५८४ सीसीचे, दुहेरी पोर्टचे आहे. कार्ब्युरेटर सोलेक्स ३४ पिक्ट-३ आहे, डिस्ट्रिब्युटर (प्लगांना ठिणगी वाटणारा भाग) मात्र आधीच्या मालकाने ००९ बसवलेला आहे, म्हणजे व्हॅक्यूमविना, फक्त इंजिनाच्या फेऱ्यांवर चालणारा. सपाट रस्त्यावर गाडी ताशी ५५ मैलांनी विनातक्रार धावते. परंतु आय-७० महामार्गावर जॉर्जटाऊन मागे टाकून आयझेनहॉवर बोगद्याकडे चढू लागलो, की चौथ्या गिअरमध्ये तिचा दम तुटतो आणि तिसऱ्यात ती ३० मैलांवर येऊन टेकते. गाडीत आम्ही चौघे आणि तंबूचे सामान असते. प्लग काढून पाहिले तर चारही काजळीने काळे होते. एका गॅरेजने सरळ १७७६ सीसीचे इंजिन बांधून घ्यायला सांगितले आहे. एवढा खर्च खरोखर आवश्यक आहे का?

पॉइंट-कंडेन्सर

खर्चाआधी थोडे गणित मांडू, म्हणजे कशाची अपेक्षा धरावी ते कळेल. हे इंजिन नवे असताना समुद्रसपाटीला ५० अश्वशक्ती देत असे. बोगदा सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आहे आणि तिथे हवेची घनता खालच्या जेमतेम ७० टक्के असते. म्हणजे निर्दोष इंजिनाकडूनही तिथे ३५ च्या आसपासच मिळणार. माणसे आणि सामान धरून गाडी १,५०० किलोची मानली आणि चढ सहा टक्क्यांचा धरला, तर ताशी ४० मैलांसाठी चाकांवर सुमारे ३२ अश्वशक्ती लागते, त्यातली २१-२२ तर निव्वळ वजन वर उचलण्यात जाते. ५५ मैलांसाठी ४९ लागते. ती या इंजिनात तिथे नाहीच, त्यामुळे ५५ चा नाद सोडा. तुमची गाडी ३० वर अडते, याचा अर्थ जे आहे तेही तुम्हाला पूर्ण मिळत नाही, आणि आधी शोधायचे आहे ते हेच.

काळे प्लग बरेच सांगून जातात. हवा विरळ झाली तरी कार्ब्युरेटर त्या प्रमाणात पेट्रोल कमी करत नाही, म्हणून उंचीवर मिश्रण दाट होते. मेन जेट (कार्ब्युरेटरमधले पेट्रोल सोडणारे मुख्य छिद्र) एक माप लहान लावून पाहा. व्हॉल्व्हचे अंतर इंजिन पूर्ण थंड असताना ०.१५ मिमी ठेवा. ००९ चे टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, जागेवर उभ्या इंजिनावर न लावता मिनिटाला ३,५०० फेऱ्यांवर, पूर्ण पुढे सरकलेल्या स्थितीत, २८ ते ३२ अंशांच्या दरम्यान स्ट्रोब दिव्याने तपासा.

खंडाळ्याचा पाहुणा

००९ काढून व्हॅक्यूमवाला (इंजिनाच्या शोषणाने ठिणगीची वेळ बदलणारा) डिस्ट्रिब्युटर बसवावा, असे मी सुचवेन. पेडल दाबताच इंजिन क्षणभर अडखळते, तो दोष त्याने जातो.

पॉइंट-कंडेन्सर

अडखळणे जाईल हे खरे, पण घाटात पेडल पूर्ण दाबलेले असताना व्हॅक्यूम जवळजवळ उरतच नाही, त्यामुळे चढावरची ताकद त्याने वाढणार नाही. बदल चांगला आहे, पण या दुखण्यावरचे औषध तो नव्हे.

खंडाळ्याचा पाहुणा

मान्य. मग तापमानाविषयी लिहितो. लहानपणी खंडाळ्याच्या घाटात पद्मिनीचे पाणी उकळले, की बॉनेट उघडून सगळे कडेला उभे राहायचे, तेवढीच विश्रांती. या बसमध्ये उकळायला पाणीच नाही, त्यामुळे इंजिन न सांगता तापते. पंखा क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) पट्ट्यावर फिरतो, म्हणून चौथ्यात रखडत चढणे सर्वांत वाईट: पेडल तळाला, फेऱ्या कमी आणि वारा त्याहून कमी. तिसऱ्यात ४० मैलांना इंजिनाच्या मिनिटाला साधारण ३,६०० फेऱ्या होतात. आवाज मोठा येतो, पण इंजिन त्यात सुखी असते. इंजिनाच्या कप्प्याभोवतीची स्पंजची पट्टी आणि पत्र्याची झाकणे जागेवर आहेत का तेही पाहा. ती नसतील तर खालची तापलेली हवाच पंखा पुन्हा आत ओढतो.

दोन कार्ब्युरेटर

माझे मत थोडे वेगळे आहे. मी १७७६ सीसीचे इंजिन वापरतो आणि समाधानी आहे. मात्र त्याच्या ९०.५ मिमीच्या सिलिंडरसाठी केस (इंजिनाचा मुख्य सांगाडा) आणि हेड (सिलिंडरवरचे झाकण) दोन्ही मशीनवर कापून घ्यावी लागतात, आणि सीसी वाढतात बाराच टक्के, म्हणजे बोगद्यापाशी फार तर चार-पाच मैल. मूळ इंजिन झिजले असेल तेव्हाच हा विचार करावा. न कापता बसणारे ८७ मिमीचे सिलिंडर मात्र टाळा. त्यांच्या भिंती पातळ असतात आणि जड बसमध्ये उष्णतेने वाकड्या होतात.

डेन्व्हरकर

सर्वांचे आभार. शनिवारी गाडी खोलली. इंजिन बंद ठेवून पत्नीला पेडल पूर्ण दाबायला सांगितले आणि मी मागे टॉर्च धरून कार्ब्युरेटरचा दांडा पाहत राहिलो, तर तो पाऊण वाटेवरच थांबला! आधीच्या मालकाने पेडलखाली जाड गालिचा अंथरला होता आणि केबलही सैल होती. गालिचा कापला आणि पेडल तळाला टेकल्यावर दांड्याला एक मिलिमीटर मोकळीक राहील अशी केबल ताणली. जेट एक माप लहान केला. डाव्या बाजूला हातभर स्पंज गळून पडला होता, तोही नवा लावला. रविवारी तेच चौघे आणि तेच सामान घेऊन तिसऱ्या गिअरमध्ये ३८ मैलांनी बोगद्यात शिरलो.

पॉइंट-कंडेन्सर

उत्तम. गणितापेक्षा दोन मैल कमी, तेही कदाचित माझ्याच अंदाजातले. जुना जेट डबीत जपून ठेवा. कॅन्ससच्या सपाटीकडे उतरणार असाल तर निघण्याआधी तो परत बसवा, कारण या लहान जेटवर तिथे मिश्रण पातळ होईल आणि हेड तापतील.