आधी यादी, मग उमेदवार
विधान परिषदेच्या कोकण पदवीधर मतदारसंघात पक्षापेक्षा माणूस जिंकतो, असं म्हणतात, ते पटतं. निरंजन डावखरे २०१२ ला राष्ट्रवादीकडून निवडून आले, २०१८ आणि २०२४ ला भाजपकडून. पण त्याआधी मतदार यादी जिंकते, हे कुणी सांगत नाही. ही यादी दर निवडणुकीला कोरी सुरू होते. जुनं नाव पुढे येत नाही, नमुना १८, म्हणजे पदवीधर मतदार नोंदणीचा अर्ज, पुन्हा भरावा लागतो. ज्याची माणसं घरोघर फिरून अर्ज भरून घेतात, त्याचं पारडं तिथेच जड.

२०१८ ला ठाण्यात जांभळ्या पेनने उमेदवारापुढे पहिल्या पसंतीचा १ लिहिला होता. २६ जून २०२४ ला अर्धा दिवस रजा टाकून मतदानाला गेले, तर यादीत नावच नाही. फार लागलं मनाला. सोसायटीतल्या आणखी तिघींचंही तेच झालं.