उरणची पीरवाडी : तुमच्याही आठवणी सांगा

सागरगोटी, नेरुळ
परवा नेरुळ स्टेशनवर उभी होते. इंडिकेटरवर उरण लागलं. जानेवारी २०२४ पासून गाडी थेट तिथपर्यंत जाते, नाव रोजच दिसतं. पण परवा बाकावर एक छोटा मुलगा लाल बादली आणि फावडं मांडीवर घेऊन बसला होता. आमची बादलीही लालच होती.

तेव्हा आम्ही वाशीला राहायचो. बाबा न्हावा शेव्याला बंदराच्या कामावर. १९८९ ला बंदर सुरू झालं तेव्हा मी दुसरीत. आठवडाभर बाबा दिसायचे नाहीत, दिसले तरी बोलायचे नाहीत. महिन्यातून एका रविवारी मात्र एसटीने उरण आणि तिथून पीरवाडीची चौपाटी. जासई मागे पडली की दोन्ही बाजूंना मिठागरं, मिठाचे पांढरे ढीग. आई डब्याला हात लावू द्यायची नाही.

वाळूत बसलं की बाबा बोलायला लागायचे. समोर जहाजं नांगर टाकून उभी असायची. तळाचा लाल रंग खूप दिसतोय म्हणजे जहाज रिकामं, लाल पाण्याखाली गेलाय म्हणजे पोटभर माल. मी आणि दादा पैज लावायचो, भरलेलं की रिकामं. आई पदर खोचून घोटाभर पाण्यात उभी राहायची, ती एरवी कुठल्याच पाण्यात उतरली नाही. जहाजं मोजून झाली की बाबा त्यांच्या लहानपणाबद्दल सांगायचे. त्यांच्याबद्दल मला जे काही माहीत आहे त्यातलं निम्मं त्या वाळूत ऐकलेलं आहे.

आता ते ऐंशीच्या पुढे आहेत, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, पुन्हा फार बोलत नाहीत. त्यांना तिथे न्यायचं मनात आहे. अलीकडे कोणी गेलं असेल तर सांगा. आणि तुमच्याही आठवणी लिहा, वाचायला खरंच आवडेल.

तलावपाळीकर
आम्ही ठाण्याचे. पाणी म्हणजे मासुंदा तलाव, फार तर कळव्याची खाडी. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो पीरवाडीलाच, मावशीकडे राहायला गेलो तेव्हा. पलीकडे कुलाब्याच्या इमारती दिसत होत्या म्हणून मी विचारलं, मावशी ही पण खाडीच का गं? ती म्हणाली, उजवीकडे कुलाबा, डावीकडे मांडव्याची बाजू, आता दोघांच्या मधे बघ. मधे काहीच नव्हतं. मी सात वर्षांचा होतो. ते मधलं काहीच नसणं अजून डोळ्यांपुढे आहे.

स्वरदाची आई
मुलगी तीन वर्षांची आहे. दुसऱ्या एका चौपाटीवर लाट अंगावर आली तेव्हापासून बाथरूमच्या नळालाही घाबरते. इथे लाटा कितपत असतात?

खुबेभात
@स्वरदाची आई, मी केगावचा, घर चालत जाण्याच्या अंतरावर. दिवाळीनंतर ते होळीपर्यंत आणा. तेव्हा सकाळी मतलई वारा असतो, पाणी तळ्यासारखं. उतारही सावकाश आहे, लहान मुलांना बरं पडतं. पावसाळ्यात मात्र पाण्याच्या जवळही नको, नारळी पौर्णिमेपर्यंत तर नाहीच.

आणि तिथी बघून या. आमच्याकडे तिथीच्या पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ असा हिशोब आहे. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे साधारण सहाला भरती, सकाळी आणि संध्याकाळी. चतुर्थीला तीनच्या सुमारास. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, पाणी जोरात येतं, जोरात जातं आणि ओहोटीला लांबवर चिखल आणि खडक उघडे पडतात. अष्टमी-नवमीला भांग. पाणी फार चढत नाही, फार उतरत नाही, ओढ कमी. माझी आजी म्हणायची, "भांगाचे दिवशी पोरांना ने, पानी गरीब असतं."

स्वरदाची आई
पाणी गरीब असतं 🥹 हे मी लिहून ठेवलं.

मोऱ्याची पोर
एसटी वगैरे नंतरचं. आमच्याकडे पाहुणे यायचे ते मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून लाँचने उरणच्या मोऱ्याला. तासभर लागायचा. ओहोटीला मोऱ्याला गाळ इतका की लाँच धक्क्याला लागतच नाही, पाणी चढेपर्यंत थांबायचं. माझ्या मोठ्या बहिणीच्या लग्नाची खरेदी घेऊन आई, आत्या आणि मी दादरहून आलो आणि लाँच बंद. धक्क्यावर अडीच तास. आत्याने पिशवीतून सगळ्या साड्या काढून पुन्हा घड्या घातल्या, शेजारच्या बायकांनी एकेक साडी हातात घेऊन पाहिली, एका म्हातारीने हिरवीवर हात फिरवला आणि म्हणाली हीच नेसव हळदीला. तीच नेसवली. आम्ही त्या बाईला परत कधी पाहिलं नाही.

पीरवाडीबद्दल लिहायला आले होते, राहूनच गेलं. नंतर लिहिते, दूध उतू जातंय.

ऐरोली सेक्टर आठ
उरण बेट आहे हे किती जणांना माहीत आहे? जुन्या नकाशात करंजा बेट असं नाव सापडतं. दोन डोंगर, दक्षिणेला द्रोणागिरी आणि उत्तरेला मोऱ्याच्या बाजूचा छोटा, मधे सखल भाग. त्या सखल भागाच्या पश्चिमेला ही चौपाटी. मुंबईच्या बंदरात शिरणारं जहाज अंगणातून जावं तसं समोरून जातं. भूगोल शिकवायचो, मुलांना नकाशा दाखवला की आधी विश्वास बसायचा नाही.

खुबेभात
सर, घारापुरीपण आमच्याच तालुक्यात हे सांगायचं राहिलं तुमचं 😄

ऐरोली सेक्टर आठ
खरं आहे. आणि करंज्याहून रेवसला तर, म्हणजे प्रवाशांची होडी, सुटायची. द्रोणागिरी देवीचं दर्शन घेऊन पलीकडे अलिबागला जायचं, तो वेगळा धागा होईल.

जासईची लेक
माझं माहेर जासईच्या जवळ. सागरगोटी, तुम्ही लिहिलेली मिठागरं, ती शेतं, ते आमचं घरच. जानेवारी १९८४ मध्ये १६ आणि १७ तारखेला सरकारने घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठीच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच माणसं गेली. मी चौथीत होते. वडील दोन दिवस घरी आले नाहीत. आले तेव्हा आईने काही विचारलं नाही, पाणी दिलं. पुढच्या रविवारी ते आम्हा भावंडांना पीरवाडीला घेऊन गेले. एरवी कधी न्यायचे नाहीत, भाताच्या कामातून वेळ कुठे. काही खेळलो नाही, रांगेत बसलो होतो सुरूच्या सावलीत. त्यांना पाण्याकडे बघायचं असावं, आणि आम्ही सगळे एका जागी दिसायला हवे असू.

लेकरांना गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेले साडेबारा टक्क्यांचे प्लॉट दिसतात, त्याच्या मागचं दिसत नाही. म्हणून लिहिलं.

सागरगोटी, नेरुळ
ताई, वाचून हात थांबला. आम्ही ज्या रस्त्याने डबा घेऊन जायचो त्याच्या कडेला हे सगळं होतं आणि मला कोणी सांगितलं नाही. बाबांना विचारते.

तलावपाळीकर
जासईची लेक, नमस्कार तुमच्या वडिलांना.

भांबुर्डा
हिवाळ्यात जाणार असाल तर कोणातरी ओळखीच्यांकडे पोपटी जमवा. वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे, मडक्यात भांबुर्डीचा पाला, वर जाळ. समुद्रावरून येऊन खारट तोंडाने खाल्लेली पोपटी म्हणजे आणखी काही नको. आम्ही पाच मित्र दरवर्षी जानेवारीत.

मोऱ्याची पोर
मीठ नाही का घालत शेंगांना वरून? आमच्यात ओवा आणि जाडं मीठ.

भांबुर्डा
ओवा हवाच! मीठ थोडंच, थरांवर.

निवटी
घाईत लिहितोय, मुलाला क्लासला सोडायचंय. दोन गोष्टी. ओहोटीला उजव्या-डाव्या बाजूच्या खडकांवर अनवाणी जाऊ देऊ नका, कालवांच्या धारेने पाय कापतो, माझ्या भावाला सहा टाके पडले होते. आणि पाण्यात चालताना पाय उचलून टाकायचे नाहीत, वाळूत घासत चालायचं. पाखट, म्हणजे शेपटीला काटा असलेला चपटा मासा, वाळूत लपून बसलेली असते, तिला चाहूल लागली की निघून जाते, पाय पडला तरच काटा मारते. हे मला एका कोळी काकांनी शिकवलं, पाच वर्षांचा होतो, अजून तसाच चालतो.

स्वरदाची आई
बापरे. पाखट नेहमी असते का??

निवटी
नाही हो, मी आयुष्यात एकदाच पाहिली. घासत चालायचं इतकंच. मुलांना आगगाडीचा खेळ सांगा, आपोआप घासत चालतात.

दिघ्याचा दादा
ताडगोळे मिळतात का अजून रस्त्यावर?

खुबेभात
मार्च संपला की या. उन्हाळाभर.

कातरवेळ
मी पीरवाडीला एकदाच गेले. नवरा गेल्यानंतर तीन महिन्यांनी, मैत्रिणीने बळेच नेलं. पीराच्या दर्ग्यापाशी ती फुलं वाहून आली, मी वाळूतच बसले. शेजारी एक कुटुंब होतं, त्यांच्यातली आजी न विचारता माझ्या हातात भाकरी आणि जवळ्याची चटणी ठेवून गेली. बोलली काहीच नाही. तीन महिन्यांत पहिल्यांदा मला भूक लागलीय हे कळलं.

मोऱ्याची पोर
❤️ आमच्याकडे समुद्रावर कोणी एकटं बसलेलं दिसलं की आधी खायला देतात.

तलावपाळीकर
सागरगोटी, बाबांना न्यायचं तर गाडीनेच न्या, तिथपर्यंत बसून जाता येतं. नेरुळ किंवा बेलापूरहून. या मार्गावर पनवेलसारख्या मागोमाग गाड्या नसतात, परतीची वेळ आधी बघून ठेवा. उरण स्टेशनला रिक्षा मिळते. मी आईला काठीसकट नेलं होतं. वाळू किनाऱ्याशी भुसभुशीत आहे तिथे हात धरा, पुढे ओल्या वाळूत काठी रुतत नाही. एक घडीची खुर्ची न्या.

जासईची लेक
पूर्वीपेक्षा वाळू कमी झालीय, समुद्राने बरीच खाल्ली, हे मात्र मनाची तयारी करून जा. सुरूची झाडंही पडलीत बरीच. आमच्या वेळचा किनारा शोधू नका, नाहीतर जीव हळहळतो.

सागरगोटी, नेरुळ
जाऊन आले. अष्टमी बघूनच गेलो, खुबेभात यांचे आभार. साडेचारला पोचलो, पाणी हळूहळू वर येत होतं. आवाजसुद्धा नव्हता फारसा.

गाडीत बाबा खिडकीशी. गव्हाण गेल्यावर म्हणाले, इथे सगळा चिखल होता. मग गप्प. जासईच्या ताईंनी लिहिलेलं मी त्यांना विचारलं. म्हणाले, आम्ही पगार घेत होतो त्या जमिनीवर उभे राहून, हे मला रोज आठवायचं, तुम्हाला सांगायला शब्द नव्हते. एवढं एका दमात ते वर्षभरात बोलले नसतील.

खुर्ची ओल्या वाळूत ठेवली. आई पुन्हा घोटाभर पाण्यात. ती आता ७६ वर्षांची आहे. निवटी यांनी सांगितलं तसं मी तिला घासत चालायला लावलं. ती म्हणाली मी उभीच राहणार आहे, चालतंय कोण.

वाळू खरंच कमी आहे. एका बाजूला पडलेल्या सुरूचं खोड होतं, त्यावर माझा भाचा बसला. चार जहाजं दिसत होती. मी विचारलं, बाबा, ते मधलं? चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. रिकामं, म्हणाले. मग भाच्याला जवळ बोलावून लाल रंगाचं सांगायला लागले. मी मुद्दाम थोडी लांब जाऊन उभी राहिले.

जासईची लेक
बाबांना माझा नमस्कार सांगा. त्यांना हेही सांगा की आमच्या वडिलांनी बंदरावर कामाला आलेल्या कोणाला कधी दोष दिला नाही.

सागरगोटी, नेरुळ
आत्ता वाचून दाखवलं. पुन्हा वाच म्हणाले.

स्वरदाची आई
आम्ही पुढच्या भांगाला जातोय. अष्टमी गुरुवारी येतेय, रविवारी चालेल का? एकादशी होईल.

खुबेभात
अकराचे पाऊणपट सव्वाआठ. म्हणजे सकाळी आठच्या आसपास भरती, दुपारी ओहोटी. सकाळच्या पहिल्या गाडीने या, पाणी तोवर जवळ असेल. पोरीला आगगाडी शिकवून आणा.