पायाळू बाळ: माझा अनुभव
वर ज्या ताईंनी विचारलंय की 32व्या आठवड्यात बाळाचं डोकं वर आहे, म्हणजे आता सिझरच का, त्यांच्यासाठी लिहितेय. ताई, आत्ताच धीर सोडू नका. 28व्या आठवड्याला साधारण चारातलं एक बाळ पायाळू असतं. दिवस भरेपर्यंत 100त जेमतेम 3-4 तशी उरतात.

माझी लेक मात्र फिरलीच नाही. तिची उचकी मला बेंबीच्या वर जाणवायची, बरगडीखाली डोक्याचा टणक गोळा हाताला लागायचा. इथे नाशिकलाच 37व्या आठवड्यात डॉक्टरांनी पोटावरून हाताने फिरवून पाहिलं, आधी-नंतर सोनोग्राफी, ठोक्यांवर लक्ष. हे साधारण निम्म्या वेळाच जमतं. माझं नाही जमलं, सिझर झालं. घरी मालिशवालीकडून मात्र कृपा करून फिरवून घेऊ नका, बाळाच्या जिवाशी खेळ आहे तो.

पाणी गेलं तर कळांची वाट न पाहता लगेच दवाखाना गाठा, नाळ आधी खाली सरकू शकते.

आणि पायाळू बाळाच्या खुब्याची सोनोग्राफी जन्मानंतर सहाव्या आठवड्याच्या सुमारास करून घ्या. सासूबाई कौतुकाने म्हणायच्या, पायाळूचा पाय लागला की उसण जाते. खुब्याचं मला बालरोगतज्ज्ञांनी सांगितलं.