लॉरा १.९ टीडीआय : क्लच आणि शॉकअप निवडताना काय पाहावे?

घाटवाट (पुणे) :

नमस्कार. माझी २००९ सालची स्कोडा लॉरा १.९ टीडीआय, मॅन्युअल गिअरची, आता १,३८,००० किलोमीटर चालली आहे. गेल्या महिन्यात खंबाटकी घाट चढताना चौथ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर दाबला की इंजिनचे फेरे वाढत, पण गाडी काही वेग घेत नसे. शिवाय इंजिन बंद करताना गिअरबॉक्सच्या बाजूने खडखड ऐकू येते. पुढच्या डाव्या शॉकअपवर ओघळलेल्या तेलात धूळ बसून काळा थर जमला आहे. गॅरेजमध्ये सांगितले की फ्लायव्हील (इंजिन आणि क्लचच्या मधले जड चाक) तसेच ठेवून क्लचची प्लेट आणि प्रेशर प्लेट बदलावी, आणि शॉकअपही एकच बदलावा. नाना पेठेतील एका दुकानदाराने मात्र बिलस्टाईन कंपनीचे बी८ शॉकअप घ्या, असा आग्रह धरला. कोणाचे ऐकावे?

जुना_टीडीआय (छत्रपती संभाजीनगर) :

क्लचपुरते लिहितो. खडखड ऐकू येत असताना फ्लायव्हील न तपासता नवी प्लेट बसवणे मला पटत नाही, कारण आपल्या गाडीत ड्युअल मास फ्लायव्हील असते, म्हणजे दोन जड चकत्यांच्या मध्ये ग्रीसमध्ये बसवलेल्या कमानदार स्प्रिंगा असतात, आणि डिझेल इंजिनचे हिसके गिअरबॉक्सपर्यंत पोहोचू न देणे हे त्यांचे काम. गिअरबॉक्स उतरल्यावर स्वतः समोर उभे राहा. पाठीमागची चकती हाताने दोन्ही बाजूंना फिरवून पाहायची. स्प्रिंगचा विरोध लागेपर्यंत ती किती मोकळी फिरते, हे स्टार्टर रिंगच्या (फ्लायव्हीलच्या कडेवरील दातेरी कड्याच्या) दातांत मोजतात आणि त्याची मर्यादा प्रत्येक पार्ट नंबरसाठी उत्पादकाने दिलेली असते. ग्रीस बाहेर फेकले गेले असेल, तर मोजत बसू नका, बदलाच.

लुक (LuK) आणि झाक्स (Sachs) या दोन्ही उत्पादकांच्या नावांना आमच्याकडे मान आहे, पण नावापेक्षा संच एकाच उत्पादकाचा आणि आपल्या गिअरबॉक्सच्या कोडशी जुळणारा असणे महत्त्वाचे. त्यात रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारे) असावे. फ्लायव्हीलचे बोल्ट पुन्हा वापरू नयेत, आणि क्रँकशाफ्टचे मागचे ऑइल सील झिरपत असेल तर त्याच वेळी बदलून घ्यावे, कारण गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी दुसऱ्यांदा मोजणे कोणालाही परवडत नाही. ठोस (स्प्रिंगांशिवायचे, एकाच चकतीचे) फ्लायव्हील बसवून पैसे वाचवण्याचा सल्ला मिळेल. मी तो घेणार नाही, कारण वाचलेले पैसे पुढे गिअरबॉक्सच्या बेअरिंगकडून वसूल होऊ शकतात.

नेकरकाठ (स्टुटगार्ट) :

शॉकअपबाबत दुकानदाराची गल्लत झालेली दिसते. बिलस्टाईनच्या मालिकेत बी४ हा मूळ गाडीसारखा, बी६ मूळ उंचीच्या स्प्रिंगांसाठीच पण अधिक कडक, आणि बी८ हा स्प्रिंगा खाली आणलेल्या गाडीसाठी आखूड बांधणीचा असतो. भारतात आलेल्या युरोपीय गाड्यांना बहुधा खराब रस्त्यांसाठी जमिनीपासून थोडी जास्त उंची दिलेली असते. तिथे बी८ बसवणे म्हणजे उलट्या दिशेने जाणे. आपल्यासाठी बी४ किंवा झाक्सचा साधा शॉकअप पुरेसा आहे, आणि तो डावा-उजवा जोडीनेच बदलावा, कारण एक नवा आणि एक थकलेला असला की ब्रेक मारताना दोन्ही चाके सारखी वागत नाहीत.

मागवण्यापूर्वी एक माप घ्या. या पिढीच्या गाड्यांत पुढच्या स्ट्रटचा (स्प्रिंगसह उभ्या बसणाऱ्या शॉकअपच्या नळीचा) व्यास ५० किंवा ५५ मिलिमीटर असतो, आणि चुकीचा आला तर तो चाकाच्या बेअरिंग हाउसिंगमध्ये नीट बसतच नाही. डिकीतील स्टेपनीच्या खळग्यात किंवा सर्व्हिस पुस्तिकेत कागदी स्टिकर असते. त्यावरील तीन अक्षरी-अंकी पीआर कोड (गाडीत कारखान्यात कोणते पर्याय बसवले ते सांगणारे) आणि चासी नंबर विक्रेत्याला कळवा. वरचे माउंट, त्याचे बेअरिंग, बंप स्टॉप (शॉकअप पूर्ण दबल्यावर धक्का झेलणारा रबरी तुकडा) आणि धूळरोधक नळी सोबत घ्या. ट्विन-ट्यूब (एकात एक दोन नळ्यांचा) शॉकअप बसवण्यापूर्वी उभा धरून काही वेळा पूर्ण दाबून सोडावा, म्हणजे आडव्या साठवणीत आत शिरलेला वायू बाजूला होतो. हे मेस्त्री सहसा विसरतात.

घाटवाट (पुणे) :

मनःपूर्वक आभार. आज स्टेपनी काढून स्टिकरचा फोटो घेतला. कोपरा ओलीने गेला आहे, पण गिअरबॉक्सचा कोड वाचता येतो. व्हर्निअरने स्ट्रट मोजला, ५५ मिलिमीटर भरला. गिअरबॉक्स शनिवारी उतरणार आहे, मी तिथे असेन. फ्लायव्हील किती मोकळे फिरते ते दातांत मोजूनच क्लचची ऑर्डर देईन.