मदत हवी आहे : दुकान उघडतो, पण कामात मन लागत नाही

नमस्कार मंडळी. सांगलीत माझं लग्नपत्रिका छपाईचं छोटं दुकान आहे, यंदा ९वं वर्ष. गिऱ्हाईक आहे, उधारीही फार नाही. तरी गेले ३ महिने शटर वर करतो आणि नुसता खुर्चीत बसून राहतो. परवा एक प्रूफ चारदा उघडलं, दर वेळी मध्येच मोबाइल. शेवटी 'चि. सौ. कां. कांचन'चं 'काचन' छापून गेलं! ५०० पत्रिका आता पदरच्या खर्चाने पुन्हा छापतोय. जीएसटीचं रिटर्नही शेवटच्या रात्री. नोकरीत साहेब तरी ओरडायचा, इथे ओरडणारं कोणी नाही. बायको म्हणते, चार दिवस गावी जाऊन या. पण ऐन लग्नसराईत? एकट्याने धंदा सांभाळणाऱ्यांनो, तुमचं असं झालं तेव्हा नेमकं काय केलंत? 'सकारात्मक राहा' सोडून काहीही सांगा.